वादळाच्या मोसमाआधी सर्वेयर आणि विमा कंपन्या नेमकी काय तयारी करतात?

नवा_सर्वेयर_बडोदे

नमस्कार मंडळी. विम्याचं नुकसान तपासून आकडा काढणाऱ्या सर्वेयरचं, फायर आणि इंजिनिअरिंग विभागाचं लायसन्स याच वर्षी मिळालं. ऑफिस रावपुऱ्यात, कामं बहुतेक मकरपुरा आणि वाघोडिया जीआयडीसीतली, म्हणजे औद्योगिक वसाहतींतली. दोन कंपन्यांच्या पॅनेलवर नाव लागलं आहे. दोन्हीकडून विचारणा आली की मे-जूनमध्ये अरबी समुद्रात वादळ झालं, तर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जाल का? हो म्हणायचं आहे, पण तयारीनिशी.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सर्वेयरने मोसमाआधी काय करून ठेवावं? कंपनीच्या आत या काळात काय चालतं, म्हणजे आपल्याकडून त्यांना काय आणि कधी हवं असतं? आणि तिसरं, नुकसान वाऱ्याने झालं, पुराच्या पाण्याने झालं की जुन्या गळतीने, हे जागेवर कसं ठरवायचं? अमेरिकेत हरिकेननंतर यावरच सगळे खटले चालतात असं वाचतो. आपल्याकडे तितकं महत्त्वाचं आहे का?

---

मकरपुरा_फायर_सर्वे

अभिनंदन. बॅग एका संध्याकाळी भरते. वेळ लागतो तो एप्रिलमधल्या कामाला, म्हणून आधी तेच सांगतो.

सगळ्यात आधी भाव गोळा करा. ऊना, महुवा, वेरावळ, पोरबंदर, जिथे जायची शक्यता आहे तिथल्या एक-दोन फॅब्रिकेटरांकडून रंगीत पत्र्याचा चौरस मीटरचा भाव, पर्लिनचा (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीचा) किलोचा भाव आणि चढवायची मजुरी आत्ताच लेखी घ्या, तारखेसकट. वादळानंतर आठवड्याभरात पत्रा मिळेनासा होतो आणि कोटेशनं फुगतात. तेव्हा तुमच्या हातात वादळापूर्वीचा कागद नसेल, तर वाढीव भावातला किती भाग खरा आणि किती संधिसाधू, हे ठरवायला आधारच राहत नाही. मोटर रिवाइंडिंग, डीजी सेटची (डिझेल जनरेटरची) दुरुस्ती आणि पाणी उपसायचे पंप भाड्याने देणारे, यांचंही तसंच करा.

दुसरं, पॉलिसीचे शब्द पाठ हवेत. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा, एका जागेची जोखीम ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, ५ ते ५० कोटींना भारत लघु उद्यम सुरक्षा, आणि त्यावर जुनी स्टँडर्ड फायर. ॲव्हरेज (विमा कमी घेतला तर भरपाईत होणारी कपात), एक्सेस (विमेदाराने सोसायची पहिली रक्कम), ढिगारा हलवायचा खर्च, सगळं पॉलिसीगणिक वेगळं. साइटवर उभं राहून पानं चाळू नका. प्रत्येकीचा एक-एक पानाचा सार करून फोनमध्ये ठेवा.

आता छप्पर. किनाऱ्यावर तुमचे निम्मे तास छपरावर जातील. वारा पत्र्याला ढकलत नाही, वर ओढतो, आणि ही ओढ सर्वात जास्त असते ती कोपऱ्यांत, वळचणीला आणि मोभाशी. म्हणून नुकसान तिथून सुरू होऊन आत आलेलं दिसलं पाहिजे. कोपरे जागेवर आणि मधलेच चार पत्रे गेले असतील तर थांबा, कारण शोधा. शटर उघडं राहून आत हवा भरली असेल, कदाचित तिथले हुक आधीच खाल्लेले असतील. मग खाली पडलेला पत्रा उचला आणि जे-बोल्टचं (पत्रा पर्लिनला धरणाऱ्या हुकाचं) भोक बघा. कडा ताज्या, चकाकत्या आणि भोक एका बाजूला लांबट फाटलेलं असेल, तर ते वाऱ्याचं काम. भोकाभोवती तपकिरी कडं आणि पत्रा बिस्किटासारखा तुटत असेल, तर तो आधीपासून गंजलेला होता. गंज दिसला म्हणून क्लेम नाकारायचा नसतो. वादळ नसतं तर तो पत्रा उडाला नसता. डेप्रिसिएशन (वापराची घट) किती लावायचं हे मात्र त्या भोकावरून ठरतं, म्हणून शेजारी स्केल धरून जवळून फोटो घ्या.

बांधकामच कमजोर होतं का, हा प्रश्न मोठ्या क्लेममध्ये येतोच. त्यासाठी इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, २०१५ ची आवृत्ती, जवळ असू द्या. बडोद्याला डिझाइनसाठी धरायचा वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे, सौराष्ट्र-कच्छच्या किनारपट्टीला ५०. २०१५ च्या आवृत्तीत गुजरातच्या किनाऱ्यापासून ६० किलोमीटरच्या पट्ट्यात औद्योगिक इमारतींना १.१५ हा वाढीव गुणक आला. बडोद्याच्या डिझायनरने इथलीच शेड जशीच्या तशी किनाऱ्यावरच्या पिपावावजवळ उभी केली असेल, तर तो फरक ड्रॉइंगमध्ये लगेच सापडतो.

पाण्याचं नुकसान असेल तर आत शिरताच भिंतीवरची रेघ मोजा. टेप जमिनीला टेकवून, टेप आणि रेघ एकाच फोटोत, कमीत कमी चार कोपऱ्यांत. दोन रेघा दिसल्या तर पाणी दोनदा चढलं. दोन्ही मोजा. या एका आकड्यावरून कितव्या थरापर्यंतचा माल भिजला, पॅनेलच्या कुठल्या ओळीपर्यंत पाणी होतं, मोटर बुडाली की नुसती शिंतडली, हे सगळं पडताळता येतं. दोन दिवसांनी लोक भिंत धुतात आणि रेघ जाते.

खाडीजवळच्या गोदामात माल समुद्राच्या पाण्याने भिजला की पावसाच्या, यासाठी सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण ठेवा. ओल्या गोणीवर थेंब टाकला आणि दुधासारखी पांढरी साय आली, तर क्लोराइड आहे. पण त्याच लॉटमधल्या कोरड्या गोणीवर डिस्टिल्ड पाणी शिंपडून तोच थेंब तिथेही टाका. मालातच मीठ असेल, तर दोन्हीकडे पांढरं दिसेल आणि चाचणीला अर्थ उरणार नाही. घामेजला हात लागला तरी फसते, म्हणून हातमोजे घाला.

---

अलकापुरी_क्लेम्स

कंपनीच्या आतलं मी सांगते.

आमची तयारी रिइन्शुरन्सपासून, म्हणजे आमच्या विम्याच्या विम्यापासून, सुरू होते. आपल्याकडे ट्रीट्या (रिइन्शुररबरोबरचे करार) १ एप्रिलला नव्या होतात, म्हणजे वादळाच्या मोसमाला जेमतेम महिना असताना. त्याआधी किनाऱ्यावरची सगळी जोखीम पिनकोडवार, जमलं तर अक्षांश-रेखांशावर मांडतात आणि एकाच वादळात जास्तीत जास्त किती जाऊ शकतं याचा हिशेब होतो. इथे सर्वात जास्त चूक पत्त्यांत होते. पॉलिसीवर पत्ता बडोद्याच्या हेड ऑफिसचा आणि माल कांडल्याच्या गोदामात. नकाशावर ती जोखीम अलकापुरीत दिसते. सर्वेयर मंडळींनी प्री-इन्स्पेक्शनला गेल्यावर गेटवर उभं राहून लोकेशन घेतलं आणि जोत्याची उंची रस्त्यापासून मोजून लिहिली, तर त्याचा उपयोग पुढे वर्षानुवर्षे होतो.

हवामान खात्याचे चार टप्पे लक्षात ठेवा, आमची कामं त्यालाच बांधलेली असतात. ७२ तास आधी प्री-सायक्लोन वॉच, ४८ तास आधी अलर्ट, २४ तास आधी वॉर्निंग आणि १२ तास आधी लँडफॉलनंतरचा अंदाज. साधारण पहिल्या टप्प्यालाच त्या जिल्ह्यांत नवीन कव्हर आणि सम इन्शुअर्ड (विमा रक्कम) वाढवणं थांबतं. वादळ दारात आल्यावर एजंटला फोन करणाऱ्यांना हे फार लागतं, पण त्याला इलाज नाही. दुसऱ्या टप्प्याला सर्वेयरांना फोन जातात: कोण मोकळं आहे, कोणाच्या लायसन्सवर कुठला विभाग आहे, मुदत कधी संपते. तिसऱ्या टप्प्याला घटनेचा कॅट (कॅटॅस्ट्रॉफी, मोठी आपत्ती) कोड उघडतो. तो कोड रिपोर्टवर न चुकता लिहा. कोड नसलेला क्लेम रिइन्शुररकडे मागताना बाहेर राहतो आणि मग महिनोन्‌महिने जुळवाजुळव चालते.

तारीख आणि वेळ का इतक्या छळून विचारतो, तेही सांगते. बहुतेक ट्रीट्यांत वादळाला ७२ तासांचं आणि पुराला १६८ तासांचं कलम असतं. त्या मुदतीतलं नुकसान एक घटना धरली जाते. ऑगस्ट २०२४ आठवा. गुजरातवरून सरकणाऱ्या डीप डिप्रेशनने विश्वामित्रीला पूर आणला. काळा घोडा पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. तीच प्रणाली पुढे कच्छवरून समुद्रात उतरली आणि ३० ऑगस्टला तिचं ‘असना’ वादळ झालं. कारेलीबागेतल्या दुकानाचा पूर आणि कच्छमधलं छप्पर एका घटनेत धरायचं की दोन? उत्तर सर्वेयरने लिहिलेल्या वेळेवर अवलंबून असतं. ‘२७ तारखेच्या सुमारास’ असं लिहू नका. सीसीटीव्ही बंद पडल्याची वेळ, वीज तुटल्याची वेळ, चौकीदाराचा जबाब, यांतून तास काढा.

आम्हाला हवं असतं ते असं: भेटीनंतर २४ तासांत एका पानाची पहिली खबर, त्यात अंदाजी नुकसान आणि तो आकडा कुठून आला हे. थोडा चढा आकडा चालतो, पण ५ लाख लिहून महिन्याने ६० लाख केलेत तर रिझर्व्ह (क्लेमसाठी बाजूला ठेवलेली रक्कम) कोसळतो. रिटेल क्लेमला विमा नियामकाच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे २४ तासांत सर्वेयर नेमायचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत रिपोर्ट आणि त्यानंतर ७ दिवसांत आमचा निर्णय. नुसता कागद कमी आहे म्हणून क्लेम नाकारताही येत नाही. म्हणून कागदांची यादी पहिल्याच भेटीत, एकदाच, पूर्ण द्या. तीन हप्त्यांत मागितलेली यादी ही विमेदाराची सर्वात रास्त तक्रार असते.

मोटर (वाहन विमा) सोडून १ लाखाच्या आतल्या आणि मोटरमध्ये ५० हजारांच्या आतल्या क्लेमला लायसन्सधारक सर्वेयर लागतोच असं नाही. कॅटमध्ये असे क्लेम आम्ही व्हिडिओ कॉलवर उरकतो, म्हणजे तुमचे दिवस फॅक्टऱ्यांना मोकळे राहतात.

---

टॅम्पाहून_बडोदेकर

वाऱ्या-पाण्याच्या प्रश्नाला इथल्या बाजूने उत्तर देतो.

फ्लोरिडात हा वाद जीवघेणा का होतो, तर घराच्या साध्या पॉलिसीत वारा आहे आणि पूर नाही. पुरासाठी सरकारी राष्ट्रीय पूर विमा योजना वेगळी, १९६८ पासूनची. तिच्यात घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,०००. घेतल्यापासून साधारण ३० दिवस ती लागूच होत नाही आणि नुकसानीनंतर ६० दिवसांत सही केलेला प्रूफ ऑफ लॉस (नुकसानीचं निवेदन) द्यावा लागतो. म्हणजे एकाच भिंतीचं नुकसान दोन खिशांत वाटायचं. २००५ च्या कॅटरीनानंतर कित्येक ठिकाणी नुसतं जोतं उरलं होतं. घर आधी वाऱ्याने पडलं की लाटेने, यावर वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याकडे वादळ, तुफान, पूर आणि जलमय होणं हे सगळं एकाच कलमात येतं. त्यामुळे गुजरातमध्ये वारा की पूर हा वाद बहुतेक वेळा पैशाचा नसतो. पैशाचा वाद असतो तो वादळ की जुनी गळती, हा. जोर तिथे द्या.

तयारीचं वेळापत्रक इथे मोसमालाच जोडलेलं आहे. मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, ऐन भर १० सप्टेंबरच्या आसपास. फ्लोरिडातल्या कंपन्यांच्या बऱ्याचशा ट्रीट्या १ जूनलाच नव्या होतात. १९९२ च्या अँड्र्यूने अनेक कंपन्या बुडवल्या. त्यानंतर राज्याने १९९३ मध्ये स्वतःचा कॅटॅस्ट्रॉफी फंड उभा केला आणि टक्केवारीतलं हरिकेन डिडक्टिबल (आपल्याकडचा एक्सेस) आलं: ५०० डॉलर, किंवा घराच्या विमा रकमेच्या २, ५ किंवा १० टक्के. नुकसानीच्या नव्हे, विमा रकमेच्या. चार लाखांच्या घराला २ टक्के म्हणजे पहिले आठ हजार मालकाचे. मोसमाआधी कंपनी हे पत्राने पुन्हा कळवते आणि तरीही लोकांना ते वादळानंतरच कळतं.

एक तांत्रिक सावधगिरी. भारतीय हवामान खातं ३ मिनिटांची सरासरी देतं, इथलं हरिकेन सेंटर १ मिनिटाची आणि आयएस ८७५ मधला वेग ३ सेकंदांच्या झोताचा असतो. वरच्या ४४ मीटर प्रति सेकंदाचे ताशी १५८ किलोमीटर होतात. बुलेटिनमध्ये ताशी १२५ वाचून ‘डिझाइनपेक्षा कमी वारा होता, म्हणजे बांधकाम वाईट’ असं रिपोर्टात लिहिलंत, तर समोरचा इंजिनिअर पहिल्या भेटीत खोडेल. त्याच १२५ मध्ये झोत बराच वर गेलेला असू शकतो.

---

नवा_सर्वेयर_बडोदे

तिघांचेही मनापासून आभार. @टॅम्पाहून_बडोदेकर, वेगांचा हा फरक माहीतच नव्हता. मग गळती आणि वादळ वेगळं करायला जागेवर काय बघू? आणि भिजलेल्या यंत्रांचं? मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर बनवणारे खूप आहेत, किनाऱ्यावर नाही गेलो तरी पुरात ते माझ्याकडे येणार.

---

मकरपुरा_फायर_सर्वे

गळतीसाठी छताच्या खालच्या बाजूला टॉर्च तिरका मारा. जुनी गळती एकाच वाटेने, वर्षानुवर्षे येते. पर्लिनवर गंजाचा पट्टा, भिंतीवर एकात एक पिवळसर कडी, खाली फरशीवर खळगा. वादळात उघडलेल्या छपरातून आलेलं पाणी एकदाच, रुंद आणि स्वच्छ येतं. आजूबाजूला पानं, माती, सुटे स्क्रू असतात. तिसराही प्रकार आहे, व्हॅली गटर (दोन उतरत्या छपरांमधली पन्हळ) तुंबून पाणी आत उलटणं. गटरात चढून गाळ मोजा. त्यात रोपं उगवली असतील, तर ते चार महिन्यांचं दुर्लक्ष आहे, एका रात्रीचं नाही. यावर निर्णय कंपनीचा, पण फोटो आणि मोजमाप तुमचं. जवळच्या वेधशाळेचा पाऊस-वाऱ्याचा दाखला लगेच मागवा, यायला वेळ लागतो.

यंत्रांबाबत पहिला नियम: कोणी चालू करून बघायचं नाही. ४४० व्होल्टची मोटर बुडाली तर गोड्या पाण्याने धुवा, बेअरिंग काढा, वाइंडिंग ८०-९० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशनचा रोध मोजा. ५ मेगओहमच्या वर स्थिर राहिली तर वाचली. दर दोन तासांनी वाचन लिहायला सांगा. आकडा आधी खाली जातो, मग चढतो, आणि अर्धवट वाळवलेली मोटर त्या पहिल्या चांगल्या आकड्यावर फसवते. ड्राइव्ह आणि पीएलसी (यंत्र चालवणारी इलेक्ट्रॉनिक) कार्डं दोन-तीन दिवसांत हिरवी पडायला लागतात, म्हणून ती आधी.

ट्रान्सफॉर्मरवाल्यांकडे तयार युनिटपेक्षा अर्धवट माल जास्त जातो. प्रेसबोर्ड आणि क्राफ्ट पेपर पाणी पिऊन फुगतात, ते गेलेच. पेपर गुंडाळलेल्या तांब्याचा पेपर गेला, तांबं सॅल्व्हेज (विकून पैसे येणारा उरलेला माल). सीआरजीओच्या (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या पोलादाच्या) पट्ट्या पुसून तेल लावून ठेवल्या तर वाचतात, ओल्या थप्पीत आठवडा राहिल्या तर कडांना गंज धरून वाया जातात. म्हणजे त्या थप्प्या पहिल्या दिवशी कोणी सोडवल्या का, यावर लाखोंचा फरक. विमेदाराला फोनवरच सांगा: फोटो-व्हिडिओ घ्या आणि लगेच सुटं करा, माझी वाट बघू नका. नुकसान आवरणं हे त्याचं कर्तव्यच आहे, आणि तरीही ‘सर्वेयर येईपर्यंत हात लावायचा नाही’ ही अफवा दर पुरात माल सडवते.

---

मांडवीचा_हिशेबनीस

एक हिशेबाची बाजू राहिली. सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसीत अंडरइन्शुरन्स १५ टक्क्यांपर्यंत माफ आहे, त्यापुढे गेला की पूर्ण प्रमाणात ॲव्हरेज लागतो. समजा स्टॉकचा विमा ८० लाख आणि नुकसानीच्या दिवशी स्टॉक १ कोटीचा. कमतरता २० टक्के, माफी नाही. नुकसान २० लाख, सॅल्व्हेज २ लाख, उरले १८. त्याच्या ८० टक्के म्हणजे १४.४० लाख, मग एक्सेस वजा. तोच विमा ८५ लाखांचा असता तर पूर्ण १८ वर एक्सेस कापला गेला असता. पाच लाखांच्या विम्याने ३.६० लाखांचा फरक पडतो. दिवाळीसाठी माल भरणारे व्यापारी नेमके ऑगस्टमध्ये इथे सापडतात.

त्या दिवशीचा स्टॉक काढायला सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा मूळ किमतीत आणलेली विक्री. ते जीएसटीची विवरणपत्रं (जीएसटीआर-१, ३बी), ई-वे बिलं आणि बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटशी ताडून बघा. बँकेला जास्त आणि विमा कंपनीला कमी दाखवलेला स्टॉक इथे हमखास उघडा पडतो. विमेदारांना मे महिन्यातच सांगा, दर शनिवारी टॅलीचा बॅकअप गावाबाहेर किंवा क्लाउडवर. तळमजल्यावरचा संगणक मालाबरोबरच बुडतो.

---

अलकापुरी_क्लेम्स

किनाऱ्यावर जाताना एवढं करा: लँडफॉलनंतर प्रशासनाने रस्ता मोकळा केल्याशिवाय निघू नका. तौक्ते वादळानंतर मे २०२१ मध्ये ऊना, राजुला भागात झाडं आणि विजेचे खांब आडवे होते आणि वीज बरेच दिवस नव्हती. वीज नाही म्हणजे पेट्रोल पंप, एटीएम आणि मोबाइल टॉवर, तिन्हींचा भरवसा नाही. टाकी अमरेलीलाच भरून घ्या, रोख ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, ऑफलाइन नकाशे, कागदी फॉर्म गुजरातीत. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं असू द्या. लेप्टो (पुराच्या पाण्यातून होणारा ताप) टाळायच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा.

आणि बडोद्यातच पूर आला तर विश्वामित्रीकाठच्या गोदामात एकटे शिरू नका. पाणी उतरल्यावर मगर आडोशाला, पॅलेटच्या मागे किंवा जिन्याखाली राहते. शटर अर्धं उघडून दहा मिनिटं थांबा, टॉर्च जमिनीलगत फिरवा. डोळे चमकले तर शटर ओढून घ्या आणि वन खात्याला फोन करा. रेघ त्यानंतर मोजा.